गेथिनचं पान

कारियाकू
फेब्रुवारीतला रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय एमलिन,

नाही. हे पत्राच्या शेवटी लिहायला हवं होतं, पण तू कुठलंही पत्र हातात घेतलंस की आधी शेवटचं पान उलटून बघतोस, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळी होते. घर विकायचं नाही. जागा दोघांच्या नावावर आहे आणि हॉटेलवाल्यांना माझी सही मिळणार नाही. मी स्वान्झीला परतही येणार नाही, तुझ्या बहिणीने, मेअरने, मागची खोली कितीही छान रंगवून ठेवली असली तरी. मेअरला म्हणावं, तिथे तुझं शिवणयंत्र ठेव, उजेड चांगला येतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी मुद्द्यावर आले की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं. तू गेल्यापासून तुझ्या दारावर जेवढी माणसं आली, तेवढी त्या गल्लीत राहत तरी असतील का, याची मला शंका आहे. पत्राला दारावरची बेल ऐकू येत नाही. तेव्हा चहा घे, खुर्ची खिडकीपाशी ओढ आणि वाच.

आधी घराची हकिगत. छप्पर बसलं. तू गेलास तेव्हा वर निळी ताडपत्री फडफडत होती ना, ती आता ऑर्मंडच्या अर्ध्या बांधलेल्या होडीवर गेली आहे. ऑर्मंडनेच पत्रे घातले, ज्याच्या होड्यांच्या ठोकाठोकीने तुझी दुपारची झोप मोडायची त्याच ऑर्मंडने. त्याने वासे असे जोडलेत की आत उभं राहून वर बघितलं तर उलटी होडी वाटते. मी म्हटलं, पुढच्या वादळात टिकेल ना? तर म्हणाला, "टिकायचं काय घेऊन बसलीस, मिस ग्वेंडा? नाही टिकलं तर तरंगेल." मजुरीचं विचारलं तर म्हणाला दुपारचं जेवण दे. पहिल्या दिवशी मी उकडलेले बटाटे आणि मटारचं सूप वाढलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरून डबा आणायला लागला आणि जाताना अर्धा डबा माझ्यासाठी ठेवायला लागला. विहीर साफ झाली. पावसाचं पाणी साठवायची टाकी फुटली होती, ती सांधली. स्वयंपाकघराची भिंत अजून नाही, पण त्यामुळे भांडी घासताना समुद्र दिसतो, म्हणून मी ती बांधायची घाई करत नाहीये.

तू गेल्यावर गावात काय बोललं गेलं ते तुला कुणी कळवलं नसणार. गावाने काही लपवून ठेवलं नाही. माझ्या तोंडावरच विचारलं. शेजारची टँटी इस्मे, जिला अख्खं गाव मावशी मानून टँटी म्हणतं आणि जिला तू एकटा पाच वर्षं 'मिसेस' लावत राहिलास, ती फाटक्या कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "तुझा माणूस पळाला ना?" मी तुझी बाजू राखली. म्हटलं, पळाला नाही, छातीत दुखतं त्याला, तिकडे डॉक्टर बरे आहेत. ती म्हणाली, "छातीतच दुखणार. आत कोंबून ठेवलंय ते बाहेर काढेना, मग दुखेल नाही तर काय?" मला राग आला, कारण तुझ्याबद्दल असं बोलायचा हक्क फक्त माझा आहे. मी दार लावून घेतलं. पण दाराच्या शेजारची भिंतच नव्हती, त्यामुळे ती सरळ आत आली आणि मला मिरच्या निवडायला बसवलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपण इथे का आलो, एमलिन? स्वान्झीत सगळ्यांना आपण सांगितलं, ऊन हवंय, गुडघे दुखतात, निवृत्तीनंतर जरा समुद्राकाठी राहू. समुद्र स्वान्झीलाही आहे. या कॅरिबियन समुद्रात बेटं इतकी पडली आहेत, त्यात विमानतळ नीट असलेली, दवाखाने असलेली, आपल्यासारखे गोरे म्हातारे जिथे संध्याकाळी पत्ते खेळतात अशीही आहेत. आपण मात्र हेच बेट निवडलं, जिथे बोट आली तरच दूध येतं. का, ते कुणी विचारलं नाही. आपण एकमेकांनाही विचारलं नाही. जागा बघायला आलो तेव्हा तू दलालाला मातीबद्दल विचारत होतास, पाण्याबद्दल विचारत होतास, आणि मी तुझ्याकडे बघत मनात म्हणत होते, आता तरी म्हण. एकदा तरी म्हण की आपला मुलगा इथे राहिला होता.

मी त्याचं नाव लिहिणार आहे. पत्र खाली ठेवू नकोस. गेथिन. आपला गेथिन, जो दोन हिवाळे इथे येऊन ऑर्मंडच्या हाताखाली होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस ठोकून बुजवत बसला. तो रविवारी फोन करायचा आणि म्हणायचा, "आई, इथे मका निघाला की शेळ्यामेंढ्यांना सुट्टी लागते. गावभर मोकळ्या हिंडतात. आज एक प्रार्थनेला आली होती." तिसऱ्या हिवाळ्याचं तिकीट काढलेलं असताना ओल्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि आपल्याकडे त्याच्या राखेचा एक डबा आला, वरून बंद केलेला. त्या दिवसापासून आपल्या घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. तू बंदी घातली नाहीस, तू तसा कधीच नव्हतास. मी नाव घेतलं की तू उठून नळ तपासायला जायचास, एवढंच. आपल्या घरातला एकही नळ गेल्या दहा वर्षांत गळलेला नाही.

या बेटावर बोटीतून पहिल्यांदा उतरलो तेव्हाचं तुला आठवतं? धक्क्यावर ऑर्मंड उभा होता. कुणी सांगितलं कोण जाणे, पण तो सरळ आपल्याकडे आला. तुझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "गेथिनचे आईबाप. चेहरा तसाच आहे." आणि तू म्हणालास, आज उकडतंय फार. त्याने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सामान उचललं. पुढे पाच वर्षं त्याने तुझ्यासमोर विषय काढला नाही, त्या माणसाला माणूस कळतो. मला मात्र तो सांगत राहिला. मासे आणायला मला एवढा वेळ का लागतो म्हणून तू कुरकुर करायचास ना? मासे पाच मिनिटांत मिळायचे. नंतर मी होड्यांच्या मांडवात, लाकडाच्या भुशात बसून माझ्या मुलाच्या गोष्टी ऐकत असे. तो पहिली होडी पाण्यात सोडताना दोर सोडायचा विसरला आणि होडीबरोबर ओढला जाऊन सगळ्या गावासमोर समुद्रात पडला, हे मला तिथे कळलं. तो काम करताना आपल्या वेल्श भाषेत गायचा आणि इतका बेसूर गायचा की पोरं दगड मारायची, हेही. ऑर्मंडच्या आजारी आईला तो पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला होता. हे त्याने आपल्याला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. एमलिन, आपला मुलगा गेल्यानंतरही मला त्याची नवी बातमी मिळत होती. हे सोडून मी कुठल्या खोलीत येऊन राहू?

कुंपणाचं सांगायला हवं, कारण बिघाड तिथून सुरू झाला. पहिल्याच वर्षी तू लीकच्या भाजीचे वाफे केलेस, दोऱ्या लावून, सरळ रेषेत. गावातला मका आणि तुरीच्या शेंगा काढून झाल्या, रिवाजाप्रमाणे गुरं मोकळी सुटली आणि टँटी इस्मेच्या मेंढ्यांनी तुझे वाफे एका सकाळीत साफ केले. दुसरा कुणी असता तर त्याने पुढच्या वर्षी भाजी आधी काढली असती. तू तारेचं कुंपण घातलंस, चारी बाजूंनी, फाटकाला कुलूप. त्यात पांढऱ्या सीडरच्या झाडाखालची ती थडग्याची जागाही आत आली, इस्मेच्या आईची. जमीन विकणाऱ्यांनी सांगितलं होतं की थडगं राहील, आणि आपण हो म्हटलं होतं. थडगं राहू देणं म्हणजे माणसांना येऊ देणं, हे आपल्या डोक्यात शिरलंच नाही. आपल्याकडे मेलेली माणसं दफनभूमीत राहतात आणि संध्याकाळी तिचं फाटक बंद होतं.

मग इस्मेला स्वप्न पडलं. ती सकाळी आली, डोक्याला फडकं, पायात चर्चचे बूट, म्हणजे कामाचं बोलणं आहे हे समजायचं. म्हणाली, "आई आली होती. म्हणते, फाटक बंद आहे, माझं जेवण बाहेर निवतंय." तू सगळं नीट ऐकून घेतलंस. तुझा काही वाईट हेतू नव्हता, उलट फारच सभ्यपणे वागलास. हिल्सबरोच्या बाजारात जाऊन कुलपाची दुसरी किल्ली करून आणलीस, तिला लाल दोरा बांधलास आणि इस्मेच्या हातात ठेवलीस. इस्मेने ती किल्ली उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "मिस्टर एमलिन, आई ही ठेवणार कुठे? तिच्या झग्याला खिसा नाही. मीच घातलाय तिला." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडकं कोंबून हसले. तू मात्र संध्याकाळी म्हणालास, या बायका पैसे उकळायला स्वप्नं बघतात. तिने पैसे मागितले नव्हते. तिने जेवणाचं ताट आत नेऊ द्या म्हटलं होतं.

तेव्हापासून तू आत आणि गाव बाहेर. मी मधल्या फाटकातून ये-जा करत राहिले, कुलूप उघडत आणि लावत. आता सांगते, कुंपण राहिलेलं नाही. अर्धं वादळाने नेलं आणि उरलेलं मी नेलं, ऑर्मंडची पक्कड घेऊन. हाताला फोड आले. या आठवड्यात मेंढ्या सुटल्या आहेत आणि तुझ्या वाफ्यांत एक काळी मेंढी तिच्या कोकरांना घेऊन बसते, जणू जागा तिच्याच नावावर आहे. मी तिला हाकलत नाही. मी लीक आवडीने कधी खाल्लाच नव्हता, तुझ्यासाठी खात होते.

आणि तुझे हॉटेलवाले येऊन गेले. तू हो म्हणालास म्हणूनच आले, नाहीतर कुणी पांढऱ्या विजारी घालून आपल्या चिखलात आलं नसतं. दोघं होते, बोलायला गोड. त्यांनी समुद्र बघितला, उतार बघितला, झाडाखाली गेले आणि एकजण बुटाचं टोक थडग्याच्या कडेला टेकवून म्हणाला, हे हलवता येईल. इस्मे तिथेच मेंढी बांधायच्या दोराला गाठ मारत होती. "कुणाला विचारून?" ती म्हणाली. तो म्हणाला, अर्थात कायदेशीर वारसांना विचारून. "वारसांना कशाला? ती स्वतः इथेच आहे, तिलाच विचार की. पण जरा मोठ्याने बोल, उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं." तो खरंच खाली बघायला लागला, बिचारा. मग दोघांनाही पुढची बोट गाठायची घाई झाली. तुला ते सांगतील की बायको हट्टी आहे. खरं आहे, सांग त्यांना.

तू म्हणशील, ग्वेंडा, दुसऱ्यांच्या थडग्यासाठी तू घर अडवून बसली आहेस. थांब, तेही सांगते. वादळाच्या सकाळी आपण इस्मेच्या खालच्या सिमेंटच्या खोलीत बसलो होतो. वर पत्रे फाटत होते, आणि तुझ्या मांडीवर तुझा वायुदाबमापक होता, माझ्या मांडीवर तो डबा. इस्मेने माझ्याकडे बघून विचारलं, "कोण आहे त्यात?" काय आहे असं तिने विचारलं नाही. कोण आहे, म्हणाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. मी म्हटलं, गेथिन. ती म्हणाली, "मग झगा गुंडाळ त्याच्याभोवती, ओल येतेय." तू भिंतीकडे बघत होतास. काही दिवसांनी पहिली बोट आली आणि तू गेलास. सामानात वायुदाबमापक नेलास. डबा फळीवर राहिला. याचा मी तुला दोष देत नाही, एमलिन. तुझ्याने तो उचलवला नसणार. पण तुझ्याने उचलवत नाही म्हणून मी तो इथेच ठेवून जागा विकावी आणि तुझ्या मागे यावं, हे मात्र होणार नाही.

स्वान्झीला येऊन काय होणार ते मला ठाऊक आहे. मेअर त्याचा फोटो ड्रॉवरमध्ये ठेवेल, मला वाईट वाटू नये म्हणून. चहाच्या वेळी मी त्याचं नाव घेतलं की सगळे कपातली साखर ढवळायला लागतील. साखर न घेणारेसुद्धा. सगळी चांगली माणसं आहेत, मी त्यांच्याबद्दल वावगं बोलत नाही, पण मला आता चांगल्या माणसांत गप्प बसायचा कंटाळा आला आहे. इथे इस्मे तिच्या आईशी रोज भांडते. कपडे वाळत घालता घालता तिला सुनावते की तू मला शिलाई शिकवली नाहीस, आता बघ. ऑर्मंड नवी होडी सुरू करताना बापाला विचारतो आणि बापाने नको म्हटलं तर रुसतो. वेडी नाहीत ही माणसं. रडायचं तेव्हा माझ्यापेक्षा मोठ्याने रडतात. फक्त मेलेल्या माणसाला घराबाहेर काढत नाहीत.

जानेवारीत इस्मे पुन्हा चर्चचे बूट घालून आली. आई स्वप्नात आली होती. म्हणाली, "फळीवरचा तो पोरगा रोज माझ्या उशाशी येऊन उभा राहतो. भुकेला आहे. माझ्या एकटीच्या पानात मी किती जणांना जेवू घालू? त्याच्या माणसांना सांग, त्याचं पान वेगळं वाढा आणि त्याला थडग्याचा दगड द्या." मी इस्मेला विचारलं, तुझा विश्वास आहे यावर? ती म्हणाली, "माझा काय संबंध? मी निरोप्या आहे. आई तुझ्या मुलाला ओळखते, एवढं मला कळलं." एमलिन, त्याने जिला पाठीवर नेलं होतं ती ऑर्मंडची आई, आणि ऑर्मंड इस्मेचा सख्खा भाऊ आहे. पाच वर्षं ते थडगं आपल्या अंगणात होतं आणि इस्मेची ती आई आणखी कुणाची कोण, हे तू विचारलं नाहीस.

तर गेथिनचा दगड होणार आहे, त्याच झाडाखाली, तिच्या शेजारी. जागा इस्मेने दिली. मी म्हटलं, कागदावर जागा माझीच आहे गं. ती म्हणाली, "कागदावर असेल." मी वाद घातला नाही. दगड ऑर्मंड ओततो आहे, सिमेंटचा, कडेने शंख बसवून. इथल्या रीतीने दगड बसवायच्या आदल्या दिवशी घरी येईल, पांढऱ्या चादरीत गुंडाळून पलंगावर निजवायचा. तुझ्या बाजूला निजवणार आहे मी. निदान घोरणार तरी नाही. मग मेंढा, कोंबड्या, भाताचे गोळे, मक्याच्या पिठाचा कूकू, ओली तूर, सगळं अंगणात चुलीवर. टेबलावर त्याचं पान वाढून ठेवायचं आणि तो जेवल्याशिवाय गावात कुणी घास घ्यायचा नाही. ढोलवाल्यांनी मला विचारलं, मुलाचं कूळ कुठलं? इथे प्रत्येक कुळाचा ताल वेगळा, आफ्रिकेतून कोण कुठून आलं त्यावर. मी म्हटलं, वेल्स. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या ढोलवाल्याने डोकं खाजवलं, "हे कूळ या बेटावर कधी उतरलेलं नाही. पण वाजवू." ऑर्मंडने त्यांना गेथिनचं ते बेसूर गाणं म्हणून दाखवलं, आणि ते आता त्यावर ताल बसवत आहेत. रोज संध्याकाळी ऐकू येतं. मी चुलीपाशी उभी राहते आणि रडते, आणि मला कुणी गप्प करत नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं, मिठावरून. इस्मे म्हणाली, मेलेल्याच्या पानात मीठ नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली जुनी माणसं मीठ खात नव्हती म्हणून हलकी राहिली आणि समुद्रावरून उडून आपल्या देशी गेली. ज्यांनी मीठ खाल्लं ती जड झाली आणि इथेच राहिली. मी म्हटलं, मग तर मी घालणारच. माझ्या मुलाने आयुष्यात चव न घेता आधी मीठ शिंपडलं, माझ्या प्रत्येक जेवणाचा अपमान केला त्याने, आणि मला तो उडून जायला नकोय. इथेच राहू दे त्याला. इस्मेने माझ्याशी बोलणं टाकलं. मी पाठवलेली लिंबं परत आली. आठवडाभर तिची मेंढीसुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायची. आज चर्चच्या पायरीवर तिने मला गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घाल बाई, घाल मीठ. तुझा पोरगा तसाही कुठे आफ्रिकेला निघाला होता? पण तो मिठाचा डबा माझ्या आईच्या पानाजवळ नेलास तर हात मोडून देईन." तेव्हा मीठ ठरलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. घर विकणार नाही हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. दगड बसवायच्या आधी त्याच्यावर पाणी आणि रम शिंपडतात, आणि ते घरच्यांनी आधी करायचं असतं. मी पुढे व्हायला तयार होते. पण काल इस्मे, बोलणं टाकलेलं असतानाही, ऑर्मंडच्या तोंडून निरोप धाडते, "बाप जिवंत आहे ना? मग त्याला बोलवायला नको? बोलवा. नाही आला तर त्याचं तो बघून घेईल, पण न बोलावता राहिला असं व्हायला नको." म्हणून मी तुला बोलावते आहे. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी. कागद आणू नकोस, मला न्यायला येऊ नकोस, घर बघायला येऊ नकोस. तू आलास तर पहिलं पाणी तुझं. नाही आलास तर मी घालीन आणि त्याचं नाव इतक्या मोठ्याने घेईन की पलीकडच्या गावात ऐकू जाईल. फक्त एक अट आहे. धक्क्यावर ऑर्मंड उभा असेल, इस्मे असेल, निम्मं गाव असेल. उतरल्याबरोबर, सामान खाली ठेवायच्या आधी, सगळ्यांसमोर मला विचार, गेथिनचं पान कुठे वाढलंय. उकडतंय म्हणालास तर त्याच बोटीने परत पाठवीन.

तुझीच,
आणि गेथिनची आई,
ग्वेंडा